भोंगा बंद

“दात कुठाय?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

थोरली खुर्चीत आडवी पडली होती. तोंडावर रक्तानं भिजलेला रुमाल. वरच्या ओळीतला अगदी समोरचा दात मुळासकट गेला होता. तेरा वर्षांची पोर. दुधाचे दात कधीच पडून गेलेले. हा काही पुन्हा येणारा नव्हता.

“सापडत नाहीये हो. हिचे बाबा तिथंच शोधताहेत,” आई म्हणाली. फोन तिच्या कानालाच होता. पलीकडे बाबा इमारतीच्या आवारात गुडघे टेकून गवत चाळत होते. खडे मिळत होते, एक बटणही मिळालं होतं. दात काही मिळत नव्हता.

डॉक्टरबाईंनी हातमोजे चढवले. “लगेच मिळाला तर परत बसवता येतो. पण तो सुकायला नको. सुकला की गेला. हिच्यासोबत कोणी होतं का?”

“होती ना, धाकटी!” आईचा आवाज चढला. “तिनंच ढकललंय हिला. आणि आता तोंडातून ब्र काढत नाही.”

धाकटी बाहेर बाकावर बसली होती. दहा वर्षांची. घरात तिला सगळे भोंगा म्हणत. सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचं तोंड उघडायचं, ते रात्री झोपेतही धड मिटत नसे. त्या दिवशी सायकलवरून दोघी बहिणींची चांगलीच जुंपली होती. थोड्या वेळानं शेजारच्या काकूंना खिडकीतून दिसलं ते एवढंच, की थोरली जमिनीवर पडलीय आणि धाकटी तिच्याजवळ वाकून उभी आहे. त्यावरून काय समजायचं ते सगळ्यांनी समजून घेतलं.

दवाखान्यात येताना टॅक्सीत आईनं तिला फैलावर घेतलं होतं. “ढकललंस ना? बोल की! एरवी तोंडाला कुलूप नाही, आणि आज मूग गिळून बसलीस?”

धाकटीनं जोरजोरात मान हलवली. आईनं पाहिलं नाही, ती थोरलीचं डोकं मांडीवर धरून होती. धाकटीनं तिची बाही ओढली. आईनं हात झटकला. “हात लावू नकोस मला आता.”

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ओठ मात्र तिनं असे आवळले होते की ते पांढरे पडले होते. मग बाबांचा फोन आला. आईनं तो तिच्या कानाला लावला. “कुठं पडला गं दात? मी रागावणार नाही, नुसतं सांग,” बाबा म्हणाले. उत्तरादाखल त्यांना फक्त नाकानं घेतलेले श्वास ऐकू आले.

“चूक करायची आणि कबूलही करायची नाही,” आई म्हणाली. “कुणावर गेलीय कोण जाणे.”

दवाखान्यात धाकटी त्यांच्या मागोमाग आत निघाली, तर काउंटरवरच्या बाईंनी तिला अडवलं. पेशंटबरोबर एकालाच आत सोडत होते. “तू बस हं इथं शहाण्यासारखी,” त्या म्हणाल्या.

ती बसली. पण फार वेळ नाही.

डॉक्टरबाई भूल देण्यासाठी सुई भरत होत्या, तेवढ्यात दार धाडकन उघडलं. धाकटी आत घुसली आणि तिच्यामागून “अगं, अगं” करत काउंटरवरच्या बाई. धाकटीनं आईकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती थेट डॉक्टरबाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं आ केला.

जिभेवर दात होता. अख्खा, मुळासकट.

“हलू नकोस,” डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी पांढऱ्या बाजूनं दोन बोटांत धरून दात अलगद उचलला आणि कामाला लागल्या. दात धुतला. थोरलीला भूल दिली. हिरडीतली जागा साफ करून दात त्याच्या जागी दाबून बसवला आणि बारीक तारेनं शेजारच्या दातांना बांधून टाकला.

“तुला कुणी शिकवलं हे?” हात धुता धुता त्यांनी धाकटीला विचारलं.

“शाळेत दात तपासायला आल्या होत्या ना, त्या डॉक्टरांनी! दुधात ठेवायचा म्हणाल्या, नाहीतर गालात धरायचा पण गिळायचा नाही, आणि दूध वर घरात होतं, आणि मूळ धरायचं नाही, आणि घासायचा तर मुळीच नाही, आणि—”

भोंगा सुरू झाला होता.

“मोठी माणसं दात कागदात गुंडाळून दुसऱ्या दिवशी आणतात,” डॉक्टरबाई आईला म्हणाल्या. “हा दात जगेल असं वाटतंय. जगला, तर श्रेय हिचं.”

आईला एकाच वेळी हसू आणि रडू फुटलं. “अहो, उठा आता गवतातून,” ती फोनवर इतक्या मोठ्यानं म्हणाली, की बाहेर बसलेल्यांनीही माना वळवल्या. “मिळाला दात! आपल्या भोंग्यानं तोंडात धरून आणला!”

खुर्चीतून थोरली बधिर ओठांनी बोबडं बोलली. “आई, तिनं नाही ढकललं. मीच पळता पळता मागे वळून तिला वेडावत होते. पुढचा खांब दिसलाच नाही मला.”

आईचं हसू मावळलं. ती धाकटीसमोर खाली बसली आणि तिनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “मग एवढं सगळं का ऐकून घेतलंस गं? दात क्षणभर हातात घेऊन सांगायचंस तरी, मी नाही केलं म्हणून.”

धाकटीनं दुखरा जबडा चोळला.

“आधी ताईचा दात बसू दे म्हटलं,” ती म्हणाली. “माझं काय, मी नंतरही बोलले असते.”