अकरा वर्षांचं पाठांतर

"परीक्षा बंद झाली, आता फक्त नाव सांगा," वॉशिंग्टनहून आलेला नोंदणी अधिकारी म्हणाला, तसा आमोसचा चेहरा पडला. मतदार व्हायचं तर अलाबामात काळ्या माणसाला राज्यघटना विचारत. पाच वेळा नापास केलेल्या आमोसचं पाठांतर बायको लुविनिया अकरा वर्षं भांडी घासताना ऐकत आली होती. "पाठ केलंय तर ऐकाच साहेब," म्हणत त्याने राज्यघटनेची पुस्तिका शेजारी उभ्या लुविनियाच्या हाती दिली. "म्हणू द्या हो," ती मागच्या रांगेला म्हणाली, "आमच्या कोंबड्यांनाही पाठ झालंय." चौथ्या ओळीला तो अडखळला. पुस्तिका न उघडताच तिने पुढची ओळ सांगितली, मग त्यापुढची. कलम संपवूनच ती थांबली. अधिकाऱ्याने दुसरा अर्ज काढला. "बाई, तुमचं नाव?" "मी नुसती सोबत आलेय. मला वाचता येत नाही." "तरी चालतं." आमोसने तिच्याकडे खुर्ची सरकवली. "आता मी ऐकतो."