पालथं घमेलं

भोमाराम आणि मी बाडमेरच्या सीमेवर होमगार्ड. नोकरी सलग धरली जाऊ नये म्हणून दरवर्षी आम्हाला ब्रेक द्यायचे. वर्दी, बूट काढून घ्यायचे आणि घरी हाकलायचे. एरवी रजा कुठली? बायकापोरांना आम्ही दिसायचो ते त्या ब्रेकमध्येच. शेवटी वैतागून सगळे मिळून कोर्टात गेलो.

निकाल लागला, पण तोवर भोमाराम उरला नव्हता. गेला ब्रेक संपवून चौकीवर आला आणि त्याच आठवड्यात उन्हाने गेला.

मी गूळ घेऊन त्याच्या घरी धावलो. "धापूभाभी, तोंड गोड करा! जिंकलो आपण. कोर्ट म्हणालं, ब्रेक सगळे खोटे. त्या दिवसांतही भोमाराम चौकीवरच होता, असं धरायचं."

"म्हणजे ते घरी कधी आलेच नाहीत?"

"कागदावर हो, भाभी. तुमच्या पेन्शनसाठीच ना!"

ती उठून बाहेर आली. दाराबाहेर वाळूत एक घमेलं पालथं होतं. सीमेवर परकं पाऊल सापडलं की वाऱ्याने मोडू नये म्हणून आम्ही असंच झाकतो. तिने ते अलगद उचललं. खाली अनवाणी पायाचा एकच ठसा होता, दाराकडे पाठ केलेला, अंगठा आत वळलेला. तो अंगठा मी कुठेही ओळखला असता.



"मग देवरजी, कोर्टाला विचारून या, हे पाऊल कुणाचं?"