हिटवाली मॅडम

सॉफ्टबॉलच्या मैदानावर गुंजनच्या ग्लोव्हमध्ये बॉल आला, क्षणभर थांबला आणि टपकन खाली पडला. तेवढ्यात समोरची पोरगी पहिल्या बेसवर पोहोचलीसुद्धा.

स्कोअरच्या टेबलामागे बसलेल्या रंजिता मॅडमनी लगेच लिहून टाकलं, हिट. म्हणजे फटकाच असा, की कोणालाच अडवता आला नसता. साध्या प्रयत्नात अडला असता, तर एरर, आणि तो गुंजनच्या नावावर. पण मॅडमच्या वहीत एरर शोधून सापडायचा नाही. जिल्ह्यातल्या गोरेगावपासून सालेकशापर्यंतच्या पोरी त्यांना 'हिटवाली मॅडम' म्हणत आणि खुशाल हसत.

हसू द्या बापड्यांना. कोणाच्या हातून काही निसटलं, की मॅडमना मैदान दिसतच नसे. गावचा तलाव दिसे, शिंगाड्याचे वेल, उलटलेली डोंगी आणि पाण्याबाहेर आलेला धाकट्या भावाचा, ओमेशचा एवढासा हात. पंधरा वर्षं झाली. "माझा हात पोहोचलाच नाही," असं त्यांनी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं. गावही म्हणालं, सतरा वर्षांची पोर, काय करणार बिचारी? तो 'बिचारी' शब्द त्यांना अजून छळत होता. मॅडम मनगट चोळत बसल्या.

डाव संपला तशी गुंजन धावत टेबलाशी आली.

"मॅडम, माह्यावाला बॉल काय लिवला जी?"

"हिट. जा, पाणी पी."

"हिट काऊन? हातात आला होता. मीच सोडला."

"येडी आहेस का? आज जिल्ह्याच्या टीमची निवड आहे. एक एरर लिहिला, की यादीतून नाव गेलं. घरी बसशील."

"बसीन." पोरीचे डोळे भरले होते, पण ती हटली नाही. "तुमी हिट लिवलं तरी मले तं मालूम हाय ना जी. जनमभर तोच बॉल दिसन मले."

मॅडमना एकदम रडूच आलं. त्यांनी हिट खोडलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिथं एरर लिहिला. गुंजननं वाकून वाचलं, बाहीनं नाक पुसलं आणि गेली.

संध्याकाळी यादी लागली. तीत गुंजनचं नाव नव्हतं. सगळे पांगल्यावर मॅडमनी गावी आईला फोन लावला. पार्वताबाई अंगणातलं धान गोळा करत होत्या.

"माय, ओमेशचा हात आला होता माह्या हातात. चांगला पकडला होता मी. सुटला माय. खोटं बोलली मी तुले."



"मालूम हाय बाई," पार्वताबाई म्हणाल्या. "तुह्या मनगटावरच्या त्याच्या नखाच्या ओरखड्यायले हळद मीच तं लावली होती."