बघायचा कार्यक्रम, दवाखान्यात

दुसऱ्या मजल्यावर विनोद मटकन पायरीवर बसला. तिसऱ्या मजल्यावर मुलीकडचे वाट पाहत होते, आणि त्याला श्वास पुरत नव्हता.

"आरं ऊठ की!" सरजाबाई म्हणाल्या. "मुखेडहून लातूरला पोरगी बघाया आलाव का पायरीवर बसाया?"

"तू हो पुढं, माय. आलोच मी."

"लाजून राहिला पोरगा," वडील नरसिंग म्हणाले, आणि दोघं वर गेले.

लाज वगैरे काही नव्हती. दोन महिन्यांपूर्वी विनोदला कोरोना होऊन गेला होता. घरीच बरा झाला, पण थकवा काही गेला नाही. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता तो खुर्ची शोधायचा. घरचे म्हणत, तरणाताठा पोरगा, अंगात आळस भरलाय, दुसरं काय! हल्ली त्यालाही तसंच वाटू लागलं होतं.

वरून कुणीतरी झपझप उतरत आलं. फोटोत पाहिलेली मुलगी, लुंबिनी. काहीतरी बोलायचं ठरवूनच ती आली होती. तोंड उघडलंही होतं. पण तिची नजर त्याच्या डाव्या पायाकडे गेली; तिथं पँट तटतटली होती. ती फिजिओथेरपिस्ट होती.

"पँट जरा वर करा."

विनोद गडबडला. "आँ?"

"डावा पाय दाखवा."

डावी पोटरी उजवीपेक्षा चांगलीच सुजली होती. तिनं बोट लावताच तो कळवळला.

"श्वास घेताना छातीत दुखतं?"

"हाव. सकाळपासून."

"आता अजिबात उठू नका," ती म्हणाली आणि वर तोंड करून ओरडली, "बाबा, पोहे राहू द्या! गाडी काढा!"

खुर्चीत बसवूनच त्याला खाली नेलं. दवाखान्यात तपासल्यावर कळलं, पायात रक्ताची गुठळी झाली होती. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला होता. "कोरोनानंतर काही जणांना होतं असं," डॉक्टर म्हणाले. "वेळेवर आणलंत."

सरजाबाईंनी तोंडाला पदर लावला. "आन् मी लेकराला आळशी म्हणून राहिले!"

संध्याकाळी धोका टळला, तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींनी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून घरून आणलेले ते गार पोहे संपवले.

रक्त पातळ करायच्या गोळ्या कित्येक महिने चालल्या. दम लागणं सावकाश कमी झालं. लुंबिनी फोनवर व्यायाम सांगायची. व्यायाम संपला तरी फोन संपायचा नाही.

लग्न ठरलं त्या दिवशी सरजाबाई शेजारणींना कौतुकानं सांगत होत्या, "पोरगी लई उतावीळ, बाई! आम्ही घरात टेकलो न्हाई, तवर ही माझ्या लेकाला बघाया खाली पळाली!"

विनोदनं हळूच लुंबिनीला विचारलं, "खरंच? मला बघायला आला होतात?"

"छे! नकार द्यायला. सगळ्यांसमोर नको, जिन्यातच सांगून टाकू म्हटलं. मला लग्नच करायचं नव्हतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही जरा सावरलात की सांगणार होते," लुंबिनी हसली. "पण तुम्ही तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारलात आणि मलाच विचारलंत, 'सकाळपासून इथंच आहात, तुम्ही जेवलात का?'"