मंगळवारची सभा

बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सोनपिंपरीच्या ग्रामसभेने तेलाच्या डेपोविरुद्धचा ठराव मंजूर केला. दोनशे सोळा हात वर गेले. डेपोच्या बाजूने एकही नाही.

शेवगाव तालुक्यातल्या या गावात अडतीस एकर शेतजमिनीवर पेट्रोल-डिझेलच्या सोळा टाक्या उभ्या करण्याचा एका कंपनीचा प्रस्ताव आहे. जिल्ह्याहून गावाचे मत मागवले होते. ते नोंदवून घ्यायला पंचायत समितीच्या विस्तार अधिकारी निवेदिता देवचक्के आल्या होत्या.

सभेत बोलले ते मच्छिंद्र आबा. सरपंच त्यांच्या पत्नी राहीबाई. पद महिलांसाठी राखीव, कारभार आबांकडे. आबांनी कंपनीचा नकाशा शाळेच्या भिंतीला लावला होता. डेपोचे कुंपण थेट शिवरस्त्यावरून जाते आणि पलीकडच्या साठ घरांना शेतात जायला वाट उरत नाही, हे त्यांनी लाल पेनाने दाखवले. राहीबाईंचे घरही त्या साठांत होते. ठराव झाल्यावर आबांनी मॅडमना सुचवले की फाइल आता दोरीने बांधून टाकायला हरकत नाही. लोक हसले.

देवचक्केंनी फाइल बांधली नाही. नियमाप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते आणि तिचे मतही सोबत जाते. त्यांनी ते रजिस्टर मागितले. ग्रामसेवक रविराज यांनी ते पुढे केले, पण हातातून चटकन सोडले नाही.

रजिस्टरात मंगळवार, दुपारी दोनची सभा होती. खाली एकशे चार सह्या आणि अंगठे. अध्यक्ष म्हणून राहीबाईंची सही. वर ठराव : डेपोला गावातील महिलांची हरकत नाही, काम लवकर सुरू व्हावे.

सोनपिंपरीत महिलांची सभा कधी भरत नाही. शिपाई भीमा रजिस्टर घेऊन घरोघर जातो. बायका हातातले काम ठेवून सही करतात. सह्यांच्या वर जागा कोरी असते. पुरुषांचे जे ठरले असेल ते ग्रामसेवक तिथे लिहितात. बारा वर्षे यात काही अडले नाही, कारण पुरुषांचे मत रात्रीतून कधी बदलले नव्हते. मंगळवारी दुपारपर्यंत सगळे गाव डेपोच्या बाजूने होते. घरटी एक नोकरी कबूल झाली होती. नकाशा हाती आला तो संध्याकाळी सात वाजता. तासाभरात आबांनी गाव फिरवले. रजिस्टर तेवढे फिरवायचे राहिले.

ग्रामसभा नको म्हणते, महिला सभा हवा म्हणते. दोन्ही कागद वर जातील, असे देवचक्केंनी सांगितले. मग त्या राहीबाईंकडे वळल्या आणि मंगळवारी सभा झाली होती का, एवढेच विचारले.

प्रश्न सगळ्यांना कळला. झाली म्हटले तर ठराव खरा ठरतो आणि डेपो पुढे सरकतो. झाली नाही म्हटले तर अध्यक्ष म्हणून राहीबाईंनी तीन वर्षे केलेल्या सह्या खोट्या ठरतात. सरपंचपद जाऊ शकते.

आबा हळू आवाजात म्हणाले, "झाली म्हनून सांग. लिहिताना भाऊसाहेबाची चूक झाली म्हनू."

भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. ते पहिल्यांदाच मान वर करून बोलले, "आबा, माझी नोकरी आहे."

मागच्या सतरंजीवर पंधरा-वीस बायका होत्या. त्यांतल्या लंकाबाईंनी बसल्या जागेवरून सांगितले, "झाली की सभा. माझ्या चुलीम्होरं झाली. भीमाला च्या बी पाजला."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पुढच्या रांगेतले कुणी हसले नाही.

राहीबाई उठल्या. "सभा झाली न्हाई, मॅडम. काल न्हाई आन् त्याच्या आदी बी कवाच न्हाई."

देवचक्केंनी ते शब्द जसेच्या तसे लिहिले, वाचून दाखवले, खाली सही घेतली. राहीबाईंनी सही करण्याआधी कागद स्वतः एकदा वाचला. त्याला दोन मिनिटे लागली. आबा शेजारच्याला सांगत होते की पद गेलं तर जाऊ दे, रस्ता वाचला. पुढच्या चार रांगांना ऐकू गेले. कुणीतरी आबांच्या पाठीवर थाप मारली.

पुढची ओळ भरायची होती. महिलांचाही डेपोला विरोध आहे, असे लिहू का, देवचक्केंनी विचारले. आबांनी हाताने खूण केली, लिहा.

"तसं लिहू नका," राहीबाई म्हणाल्या. "आमाला आजून कुनी इचारलंच न्हाई."

आबा उभे राहिले. देवचक्केंनी ती ओळ कोरी ठेवली आणि पुढच्या बुधवारी, दुपारी एक वाजता, शाळेतच महिलांची सभा लावली.

सोमवारी राहीबाईंना खुलाशाची नोटीस मिळाली. उत्तराला सात दिवस आहेत.

बुधवारी एकशे नव्वद बायका आल्या. पाच वर्ग रिकामे करून मधली लाकडी दारे सरकवावी लागली. देवचक्के आणि ग्रामसेवक आत होते. आबा दारापर्यंत गेले. राहीबाईंनी त्यांना बाहेर बसायला सांगितले. ते लिंबाखाली बाकीच्या पुरुषांत जाऊन बसले. दोन वाजता आतून भांडणाचे आवाज आले, तीन वाजता हसण्याचे. कोण कोणत्या बाजूने बोलत होते ते बाहेर कळत नव्हते. साडेपाचला सभा चालू होती आणि दाराला आतून कडी होती.