ती कापणार, तो उचलणार

"तू कापायचंस, मी उचलायचं," गवंडी म्हणाला. "नेहमीसारखं."

वाटणीचे कागद करायला घरी आलेल्या वकीलबाईंनी पेन थांबवलं. मग तिला त्यांना समजावून सांगावं लागलं. अकरा वर्षांपूर्वी दोघं एकत्र राहायला लागली, तेव्हापासूनचा हा नियम, आता वेगळं होतानाही तोच. कलिंगड असो की कपाटातले कप्पे, एकाने दोन वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचं. ती शिवणकाम करणारी, कात्री तिच्या हातात, म्हणून वाटे कायम तिने करायचे.

"लग्न केलं असतंत तर सोपं गेलं असतं," वकीलबाई म्हणाल्या. "आता कायद्याच्या लेखी तुम्ही नुसते दोन मालक."

"लग्न केलं असतं तर भांडणंही रीतसर झाली असती," ती म्हणाली. कोणी हसलं नाही.

बैठं घर, दोघांच्या नावावर. तिने फरशीवर खडूने रेघ मारली, कापडावर मारते तशी. रस्त्याकडची मोठी खोली आणि स्वयंपाकघर हा एक वाटा. मागची खोली, न्हाणीघर आणि अंगण हा दुसरा. जे नसेल ते ज्याने त्याने बांधून घ्यायचं.

तिला मागची खोली हवी होती. जीव अडकला होता तिचा त्या खोलीत. मोठी खिडकी, दिवसभर सारखा उजेड. काळ्या कापडावरचा काळा दोरा आता तिला फक्त तिथेच दिसायचा. खोली गेली की काम गेलं, आणि म्हाताऱ्या आईला आणून ठेवायचं तेही राहिलं.

पण हे कळलं असतं तर गवंड्याने मुद्दाम तीच खोली उचलली असती. तो हल्ली तिच्यावर खार खाऊन होता. तिच्या वाढदिवशीच त्याने कुठल्याशा फुटकळ गोष्टीवरून भांडण उकरून काढलं आणि अंथरूण उचलून पुढच्या खोलीत नेलं. त्यानंतर तो मागे झोपला नाही. त्याचं कपाट तेवढं तिथे होतं. भांडणाच्या महिनाभर आधी, ओलीचा डाग झाकायला म्हणून त्याने ते भिंतीशी लावलं होतं. अधूनमधून सरकवून मागे डोकवायचा. ओलीवर लक्ष ठेवतो म्हणायचा.

म्हणून तिने नाटक केलं. आठवडाभर आधीच शिलाई मशीन पुढच्या खोलीत आणून ठेवलं. आता वकीलबाईंना ऐकवलं, "गिऱ्हाईक कसं दारातच येतं इथे. मागे कोण मरायला जातंय?"

गवंडी मान खाली घालून पिशवी आवरत होता. थापी, ओळंबा, काचेच्या पट्ट्या. त्या पट्ट्यांवरून ती एकेकाळी त्याला भिंतींचा डॉक्टर म्हणून चिडवायची. भिंतीला तडा दिसला की तो त्यावर आडवी काच चिकटवायचा आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहायचा. काच फुटली म्हणजे भिंत सरकतेय. मग माणसं त्याच दिवशी बाहेर काढायची. एका शाळेतली पोरं त्याने अशीच वाचवली होती. तेव्हा त्याचा तिला केवढा अभिमान वाटला होता.

"पुढचा वाटा माझा," तो म्हणाला. क्षणभरही थांबला नाही.

तिने चेहरा पाडला. मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "घे. कर तुझंच खरं."

सह्या झाल्या. दारात तो जरा घुटमळला.

"कपाट राहू दे तुलाच. हलवायच्या भानगडीत पडू नकोस, जड आहे."

"उपकार झाले," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी आई आली. खिडकीतल्या उन्हात हात पुढे करून उभी राहिली. "उजेड छान आहे गं. फक्त माझी खाट त्या भिंतीला लावून दे. उठताना आधार लागतो मला."

"गवंड्याला कसं गंडवलं, ते सांगते तुला सावकाश," ती हसून म्हणाली आणि कपाटाला खांदा लावला. दोनदा रेटल्यावर ते करकरत बाजूला झालं.

मागे भिंतीला बोट जाईल एवढा तडा होता. त्यावर काचेची आडवी पट्टी, मधोमध फुटून दोन तुकडे झालेली. शेजारी त्याच्या अक्षरात दोन ओळी. 'लावली', पुढे तारीख. 'फुटली', पुढे तारीख.

खालची तारीख तिच्या वाढदिवसाची होती.