चेरीचा देठ

"हार्लन, ही उष्टी चेरी कुणाच्या तोंडातली रे?" म्हाताऱ्या मिसेस प्रूइटनी आइस्क्रीम संडेचा उंच ग्लास काउंटरवर आदळला.

आइस्क्रीमवरच्या चेरीच्या देठाला गाठ होती. गावातली पोरं पैजेवर देठ तोंडात घोळवून जिभेनं गाठ मारतात, अगदी तशी.

आठवड्यातली ही चौथी. हार्लनचं टाळकं सणकलं. वडिलांनी उभं केलेलं हे सोडा-आइस्क्रीमचं दुकान, आणि रविवारी चर्चबाहेर लोक याच गोष्टीवर नाकं मुरडणार.

"एडना, हे तुझेच धंदे."

"अकरा वर्षं या काउंटरमागे उभी आहे मी," एडना म्हणाली. "आणि माझी कवळी आहे, हार्लन. कवळीनं गाठी मारते होय?"

"तोंड वर करून बोलू नकोस. एप्रन काढ आणि चालती हो."

तिनं एप्रन त्याच्या अंगावर फेकला आणि दार आपटून गेली. मिसेस प्रूइटही तिच्यामागे उठून गेल्या.

भर दुपारी रिकाम्या दुकानात हार्लननं चेरीची नवी बरणी स्वतः फोडली. एकेक चेरी उचलून पाहिली. सगळे देठ सरळ होते. मग त्यानं एक संडे बनवला, वर चेरी ठेवली आणि पापणी न लववता तिच्याकडे बघत बसला.

देठ सरळच राहिला.

म्हणजे एडनाच होती ती भवानी. हे मोठ्यानं म्हणायला गेला, तर शब्द फुटेना. तोंडात काहीतरी टोचत होतं.

बोटं घालून त्यानं ते ओढून काढलं. गाठ मारलेला देठ होता. सकाळपासून त्यानं पाण्याशिवाय काही तोंडात घातलं नव्हतं.

शिवी हासडायला त्यानं पुन्हा तोंड उघडलं, पण जीभ मोकळी नव्हती. ती दुसऱ्या देठाला गाठ मारत होती.